शेवटासकट

मृत्युंजयने पान उलटले, आणि पुढे आणखी पान निघाले.

त्याने चष्मा पुसून पुन्हा पाहिले. तिथे नवे प्रकरण सुरू होत होते, आणि त्याच्यामागे कादंबरी अगदी 'समाप्त'पर्यंत शाबूत होती. बिलोलीच्या मंगल कार्यालयातल्या मागच्या खोलीत तो तबल्याच्या पिशवीला टेकून बसला होता. बाहेर संध्याकाळच्या कार्यक्रमासाठी मंडपवाले खांब ठोकत होते. त्याने पुस्तक मिटले.

गावोगाव हिंडणाऱ्या तबलजीला एखादे व्यसन असायचेच. मृत्युंजयला पुस्तकांचे होते, आणि तेही जाडजूड कादंबऱ्यांचे. बारीक पुस्तकाचा त्याला राग येई. उमरी येईस्तोवर संपते, मग परतीला काय खिडकी वाचायची? लातूरच्या रद्दीवाल्याकडून तो वजनावर कादंबऱ्या आणी. घराण्याच्या तीन पिढ्या, कोर्टकचेऱ्या, मेलेली माणसे परत येणे, सगळे चाले. त्याच्या सर्वांत लाडक्या पुस्तकाला तर कव्हरच नव्हते. दीपगृहाच्या रखवालदाराची ती गोष्ट त्याला जवळपास पाठ होती, पण नाव विचारले तर सांगता येत नसे. एस.टी.त वाचताना त्याचा डावा हात मांडीवर ठेका धरी, आणि प्रसंग रंगला की लय आपोआप चढे. शेजारचा प्रवासी बिचकून सरकून बसे.

मात्र दौऱ्यावरच्या त्याच्या एकाही पुस्तकाला शेवट नसे. लग्नानंतरच्या पहिल्याच दौऱ्यात एका जुनाट कादंबरीची शेवटची पाने सुटून घरी राहिली होती. ते कंधारच्या मुक्कामात ध्यानात आले, आणि शेवट वाचायला हा गडी एक दिवस आधीच घरी धावला. सिंधु पोट धरून हसली. पुढच्या दौऱ्याला तिने स्वतःच ब्लेडने शेवटचे प्रकरण अलगद कापून घेतले आणि उरलेले पुस्तक धपाट्यांच्या डब्याबरोबर पिशवीत ठेवले. "शेवट माझ्यापाशी हाय," ती म्हणाली, "लवकर या." तोच नेम झाला. घरी पोचला की मृत्युंजय चपला काढता काढता हात पुढे करी आणि पाने घेऊन उंबऱ्यावरच वाचत बसे. सिंधु पाण्याचा तांब्या घेऊन शेजारी उभी राही.

या वेळी तिने पाने काढली नव्हती. सिंधु शाळेत शिकवणारी बाई, एवढ्या वर्षांचा नेम विसरणारी नव्हे. म्हणजे आता तो लवकर यावा, किंवा यावाच, असे तिला वाटत नव्हते. एवढा एकच अर्थ त्याला लागला. निघायच्या आदल्या दिवशी तो तबला सुरात लावायला हातोडी चालवत असताना तिने काहीतरी विचारले होते. तो "बघू" म्हणाला होता. काय विचारले होते, ते काही केल्या आठवेना.

त्याने फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. मग उठून पिशवी खांद्याला लावली.

"येडा झालास का?" गाण्याच्या मंडळाचे मालक व्यंकटराव दारातच आडवे आले. "संध्याकाळी कार्यक्रम, अन् तू कुठं चाललास?"

"घरी. काहीतरी झालंय."

"कोण म्हणलं?"

मृत्युंजयने पिशवी सावरली. पुस्तकाला शेवट आहे म्हणून घरी चाललो, हे कुणाला पटवून सांगणार?

"ठेका कोण धरील मग?"

"इथल्या भजनी मंडळातलं कुणी बघा."

"आज गेलास तर पुन्हा बोलावणं न्हाई, ध्यानात ठेव."

व्यंकटराव बोलल्या शब्दाला जागणारा माणूस होता. तरी मृत्युंजय गेला.

शाळेत सिंधु फोन पिशवीत ठेवी, पण मधल्या सुट्टीत ती उलट फोन केल्याशिवाय राहत नसे. नांदेडच्या स्टँडवर तो उतरला तेव्हा मधली सुट्टी होऊन गेली होती. नाही नाही ते मनात येऊ लागले. शेवटी त्याने उमरीला दिलेल्या लेकीला फोन लावला.

"भार्गवी, आई कुठं हाय गं?"

"शाळेत असंल की, बाबा. आज निरोप न्हाई का तिचा? रिटायर होऊन राहिली न्हं ती." भार्गवी थबकली. "तुम्ही तिथंच न्हाई का? माझ्या उर्वीला ताप हाय म्हणून मला जमलं न्हाई. म्हणलं, तुम्ही तरी असाल."

"निरोप?" मृत्युंजय पुटपुटला.

"बाबा, तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

त्याने फोन ठेवला. महिनाअखेरीला घरी असाल ना, असे विचारले होते तिने. आणि त्याने हातोडीही खाली ठेवली नव्हती.

घराकडची, लातूरची गाडी हलेना. हलली तर लोह्याला चहाला थांबली आणि अहमदपूरच्या पुढे रस्त्याच्या कामात अडकली. त्याने ड्रायव्हरपुढे हात जोडले. "मामा, धुरळ्यातून उडू का आता?" ड्रायव्हर म्हणाला. पुस्तक मांडीवर होते. ते उघडायची त्याला भीती वाटत होती. सिंधु कुठे गेली नव्हती, नुसती वाट बघत राहिली होती, आणि हे त्याला जास्तच लागले. तो एस.टी.त सगळ्यांदेखत रडला.

शाळेच्या मैदानात शिपाई खुर्च्यांवर खुर्च्या रचत होता. सिंधु व्हरांड्यात बाकावर बसली होती. अंगावर शाल, मांडीवर नारळ. ऋतुजा नावाची तरुण शिक्षिका तिचे हारतुरे गोळा करत होती.

सिंधुने त्याच्याकडे पाहिले. "कार्यक्रम?"

"टाकून आलो."

"कामून?"

स्टँडपासून रिक्षात त्याने हेच उत्तर घोकले होते. "आज तुझा निरोप. ध्यानात व्हतं माझ्या."

सिंधुने मांडीवरचा नारळ फिरवला. मग ऋतुजाकडे वळून म्हणाली, "हे आमचे मालक. बिलोलीचा कार्यक्रम टाकून आले बघ, आठवणीनं."

"लई नशीबवान हायत मॅडम," ऋतुजा म्हणाली. मृत्युंजय हसला. वाचलो, असे त्याला वाटले. ऋतुजा हार घेऊन फाटकाबाहेरच्या रिक्षाकडे गेली.

"भार्गवीचा फोन आलता," सिंधु खालच्या आवाजात म्हणाली. "रडत व्हती. म्हणली, बाबांना ठाऊकच नव्हतं."

त्याने मान खाली घातली. शिपायाने आणखी एक खुर्ची रचली.

"पानं का न्हाई काढलीस?" त्याने विचारले.

"शेवट माझ्यापाशी असला की तुम्ही येताच. एक डाव म्हणलं, तसं नसताना येतात का बघावं."

"आलो की, सिंधु."

"पुस्तकाला भिऊन आलात." तिच्या बोलण्यात राग नव्हता. "शाळेत सगळे विचारत व्हते, तुमचे सर कुठं हायत. मी दाराकडं बघून बघून थकले."

"शेवट अजून वाचला न्हाई मी. देवाशपथ. तसाच पळत आलो."

सिंधुने नारळ पिशवीत ठेवला, शाल सावरली आणि गुडघ्यावर हात टेकून उठली. तो आधार द्यायला पुढे झाला, तोवर ती उभी राहिली होती.

"मग वाचा," ती म्हणाली. "बसा इथं निवांत. ऋतुजा सोडणार हाय मला."

"घरीच न्हं?"

सिंधु पायऱ्या उतरली. मैदानात एका बाईने वाकून तिला नमस्कार केला. तिने त्या बाईच्या पाठीवरून हात फिरवला, दोन शब्द विचारले. मग ती रिक्षाकडे चालू लागली. आपल्याला उत्तर मिळालेले नाही, हे मृत्युंजयला रिक्षा वळल्यावर कळले.