धावजीचा दवाखाना

धावजी आमच्या कचेरीत फीत धरायला होता. रस्त्याची मोजणी निघाली की ओव्हरसिअरसाहेब फितीचं एक टोक धरत आणि धावजी दुसरं. काट्याकुट्यात शिरायचं टोक नेहमी धावजीचंच. केळापूरच्या पलीकडच्या तांड्यातला गडी, सातवी पास, नोकरी रोजंदारीची. पांढरकवड्याच्या त्या कचेरीत सामानाचं रजिस्टर माझ्याकडे होतं. कोण काय उचलतो, कोण परत ठेवतो आणि कोण विसरल्यासारखं करून घरी नेतो, हे मला तोंडपाठ. धावजीच्या नावावर दोन वर्षांत एक टाचणी हरवल्याची नोंद नव्हती. अशा माणसाचा मला आधी संशयच येतो.

नकाशे काढायचे पंजाबराव. त्यांना साहेबही मास्तर म्हणत. पाचला कचेरी सुटली की ते धावजीला टेबलाशी उभा करून नकाशाचं काम शिकवत. याच्यावरच एवढी मेहेरबानी काहून, असं मी एकदा विचारलं.

"त्याच्या हाताले घाम येत नाही," पंजाबराव म्हणाले. "तुमचा हात पाहा. तुमी नुसता सलाम केला तरी नकाशा खराब होते."

खोटं नव्हतं. ट्रेसिंगचं कापड म्हणजे खळ पिऊन कडक झालेलं, आरपार दिसणारं तलम सुती कापड. खाली पेन्सिलीचा कागद, वर हे कापड, आणि खालची रेघ दिसेल तशी वर काळ्या शाईत ओढायची. घामाचा एक थेंब पडला की खळ विरघळते, डाग पडतो, आणि त्या नकाशाच्या जितक्या निळ्या प्रती निघतील तितक्यांवर तो डाग हजेरी लावतो.

पहिले सहा महिने धावजीने नुसत्या रेघा ओढल्या. रूलिंग पेनाच्या दोन जिभांत शाईचा थेंब धरायचा, स्क्रू पिळून जाडी ठरवायची, पेन उभं धरायचं आणि पट्टीला शाई लागू न देता एका श्वासात पलीकडे जायचं.

"हे काय काढलं?"

"भिंत हाय, मास्तर."

"भिंत? मले वाटलं नाला हाय. पाणी कोणीकडं वाहते तेवढं दाखव."

मग घराचा नकाशा आला. तिथे धावजी अडला. आयुष्यभर घराकडे समोरून पाहिलेला माणूस; वरून पाहायचं म्हणजे काय, ते त्याला पटेना.

"वरून पाह्यलं तर छप्पर दिसन ना, मास्तर."

"छप्पर उचलून बाजूले ठेव."

"कुठं ठेवू?"

"माह्या डोक्यावर ठेव, लेका!"

पण एकदा ते छप्पर उचललं गेलं आणि धावजीला आतलं दिसायला लागलं. त्यानंतर आमच्या कचेरीचं, एस.टी.च्या ठाण्याचं, माझ्या घराचंसुद्धा छप्पर त्याने मनातल्या मनात उचललं असणार. माझ्या स्वयंपाकघराचं दार चुकीच्या भिंतीत आहे, असं तो एक दिवस फार अदबीने सांगून गेला.

एकोणसाठ साली यवतमाळच्या मोठ्या कचेरीत ट्रेसरची एक जागा निघाली. कायमची. उमेदवाराने आपल्या हातचं शाईचं ट्रेसिंग घेऊन समक्ष यावं, वय पंचवीसच्या आत असावं. परीक्षा होळीनंतर, वर्षातून एकदा. धावजीचा जन्म शाळेच्या मास्तरने अंदाजाने एक जुलैला करून टाकला होता, आणि त्या हिशेबाने येत्या जुलैला त्याची पंचविशी भरत होती. त्याची आई सुखीबाई म्हणायची, "टोळ आलते त्या सालचा हाय." टोळांचा दाखला सरकार घेत नाही. थोडक्यात, धावजीला एकच संधी होती आणि ती हीच.

पंजाबरावांनी त्याला दवाखान्याचा नकाशा काढायला दिला. वरून, समोरून आणि मधोमध कापल्यावर दिसेल तसा, तिन्ही तऱ्हांनी. एकोणीस दिवस धावजी त्यावर वाकलेला होता. शेवटच्या दिवशी कोपऱ्यात उत्तरेचा बाण काढला. पंजाबरावांनी कापड खिडकीशी धरून एकेक रेघ पाहिली. मग म्हणाले, "ठीक हाय." त्यांच्या तोंडून एवढं मी एकदाही मिळवलेलं नाही.

आता खराब झालेल्या ट्रेसिंगांचं सांगतो, कारण सगळं तिथेच अडलं. ते तुकडे मी रजिस्टरात 'निकामी' लिहायचो आणि धावजी ते घरी न्यायचा. गरम पाण्यात सोडा टाकून धुतले की खळ जाते, खळीबरोबर शाई जाते आणि हातात राहते मलमल. धावजीला भाद्रपदात मुलगा झाला होता. त्याची टोपडी, दुपटी सारी आमच्या निकामी पुलांची आणि मोऱ्यांची. धावजी गुंडाळी घरी न्यायचा, दाराजवळच्या खुंटीला अडकवायचा, आणि त्याची बायको जमनी किंवा आई सवडीने धुवायची. खुंटीवरचं ते धुण्याचं, हा त्या घरचा कायदाच झाला.

होळीच्या सुट्टीत कचेरीची कौलं उतरवायची होती. पंजाबराव म्हणाले, "दवाखाना घरी ने. इथं माती पडन." धावजीने नेला. घरी सारवण चाललेलं, जमिनीवर ठेवायला जागा नाही, बाहेर डफ वाजून राहिलेला. सवयीच्या हाताने गुंडाळी खुंटीला गेली. सांगायचं राहिलं, आणि पुढे सणाच्या धावपळीत खुंटीकडे पाहायचंही.

धुळवडीच्या सकाळी पंजाबराव आणि मी तांड्यावर पोहोचलो. पहिल्या मुलाचं धुंड होतं, आमंत्रण होतं. त्यांच्या बंजाऱ्यांत होळीला नव्या मुलाला दारात मांडीवर घेऊन बसतात, वर एक काठी आडवी धरतात, आणि तांड्यातले गडी त्या काठीवर आपापल्या काठ्या आपटत मुलाला आशीर्वाद देतात. धावजी फेटा बांधून आमच्यासाठी बाज टाकत होता. खुशीत होता.

सुखीबाई नातवाला घेऊन बाहेर आली. अंगात घोट्यापर्यंत लांब, पांढरंशुभ्र नवं झबलं, गळ्याभोवती लाल-पिवळ्या दोऱ्याचं भरतकाम, छातीवर दोन बारीक आरसे.

"मास्तर, पाहा," ती पंजाबरावांना म्हणाली. "एवढा मोठा तुकडा पोरानं पयल्यांदाच आणला. धुंडासाठी आणला, पन बोलला नाही. बापावर गेला हाय. मीच समजून घेतलं."

पंजाबराव कौतुकाने वाकले आणि वाकलेलेच राहिले. पोराच्या पोटावर, आरशांच्या खाली, पुसट करडा, उत्तरेचा बाण होता.

मी धावजीकडे पाहिलं. तो खुंटीकडे पाहत होता.

माणूस अशा वेळी काय करतो, याचा माझा अंदाज सहसा चुकत नाही. ओरडेल, आईला बोलेल, निदान कपाळावर हात मारेल. धावजीने बाज नीट सरकवली.

"कसं झालं रे?" सुखीबाईने विचारलं.

"बेस झालं, याडी," तो आईला म्हणाला.

जमनीला नवऱ्याचा चेहरा वाचता येत होता. ती दारातच थबकली, पण तिला कोणी काही सांगितलं नाही. पोराला मांडीवर घेतलं, वर काठी धरली गेली, काठ्यांचा खणखणाट सुरू झाला. आशीर्वादात पोराला घोडे मागितले, बैल मागितले, मोठं आयुष्य मागितलं.

दुसऱ्या दिवशी कचेरी उघडताच पंजाबराव माझ्यासमोर उभे राहिले; परीक्षा एका दिवसावर आली होती.

"कापड द्या."

"मार्च हाय, मास्तर. या सालचं सरलं. एप्रिलात येईन."

"हातभर तरी?"

मी कपाट उघडून दाखवलं. शेल्फावर धूळ होती.

"माह्या हातचं जुनं ट्रेसिंग हाय, ते ने," पंजाबराव धावजीला म्हणाले.

"अक्षर तुमचं हाय, मास्तर," धावजी म्हणाला. "त्यांनी लिहून दाखव म्हटलं तर?"

शेवटी धावजीच्याच हातचा पेन्सिलीचा मूळ कागद घेतला आणि तिसऱ्या दिवशी आम्ही तिघं पहिल्या गाडीने यवतमाळला गेलो. परीक्षेच्या साहेबांनी कागद उलगडला. माणूस वाईट नव्हता. बराच वेळ पाहिला.

"रेषा चांगली आहे. ट्रेसिंग कुठंय?"

"धुतलं, साहेब."

"कोणी?"

"आईनं. पोराचं झबलं शिवलं."

साहेब हसले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले आणि खिशातून रुमाल काढून डोळे पुसले. तो तलम पांढरा रुमाल कशाचा होता, ते आम्हा तिघांना लगेच ओळखू आलं. मग ते गंभीर झाले. नियम त्यांनी केलेला नव्हता. "पुढल्या वर्षी ये," म्हणाले, आणि अर्जावरची जन्मतारीख दिसली तसा त्यांनी अर्ज पालथा ठेवला. पंजाबरावांनी काही बोलायला तोंड उघडलं. पुढचा उमेदवार आत आला.

परतीच्या गाडीत पंजाबराव सबंध वाट बाहेर बघत बसले. धावजीने मांडीवरची गुंडाळी खिडकीच्या धुळीपासून हाताने झाकून धरली होती.

एप्रिलात नव्या कापडाचा गठ्ठा आला. मी नोंद केली, कपाटात ठेवला. त्या दिवशी पाचला, नेहमीसारखा, धावजी टेबलाशी येऊन उभा राहिला. हात धुतलेले, कोरडे केलेले. त्याने पेन पुसलं, शाईचा थेंब धरला.

"काय काढू, मास्तर?"

पंजाबरावांनी माझ्याकडे पाहिलं.

"रेघा ओढ," ते म्हणाले.

"किती?"

"ओढ."