मामाची जागा

धामणकर नाक्यावर दामू एसटीची वाट बघत उभा होता आणि मनातल्या मनात दिसेल त्याला शिव्या घालत होता. एसटीला, आडव्या लागलेल्या ट्रकला, हॉर्न वाजवणाऱ्याला. बारा वाजायला आले होते. बारा वीसला वडप्याला त्याच्या भाचीचं, काशीचं लग्न लागणार होतं. काशीला बाप नव्हता. लग्न लागताना तिच्या पाठीशी उभं राहायचा मान मामाचा, आणि तो मामा इथे सदऱ्यावर तेलाचे डाग घेऊन उभा होता.

सकाळी आठला सदरा कोरा होता. निघालाच होता तो लग्नाला, पण वाटेत यंत्रमागाचा कारखाना लागला. दामू तिथला जॉबर, माग दुरुस्त करणारा. लूम बिघडला की सगळे त्याच्या तोंडाकडे बघायचे, आणि ते त्याला भारी आवडायचं. पाच मिनिटं डोकावू म्हणून आत शिरला, तर तीन नंबरचा लूम धोटा बाहेर फेकत होता आणि हाताखालचा नामा पाना घेऊन बसला होता.

"भाऊ, तू जा लग्नाला. मी करतो."

"तुला काय कप्पाळ जमतंय? सर बाजूला!" दामूने पाना हिसकावला.

शेठही ओरडला, "अरे दामू, आज शादी है ना? मशीन कल भी चलेगा!"

तीन नंबर दहा वाजता चालू झाला. मग पाच नंबरचा आवाज दामूला पटेना. तो खोलायला त्याला कुणीही सांगितलं नव्हतं.

आता त्याला शेठचाच राग येत होता. नुसतं ओरडून काय होतं? मानगूट धरून बाहेर काढायला काय झालं होतं त्याला? शेवटी एका ट्रकवाल्याने त्याला केबिनमध्ये बसवलं, तर दामू वाटभर त्याच्यावरही खेकसला.

वडप्याला उतरला तेव्हा मंगलाष्टका चालू होत्या. धावत मांडवात शिरला आणि थबकला. काशीच्या पाठीशी त्याची बहीण ठमाबाई उभी होती. विधवा बाईने अशा वेळी कोपऱ्यात बसायचं, ही गावाची रीत. ती आज ताठ उभी होती.

"चुलता उभा ऱ्हात व्हता," शेजारची गुणाबाई कुजबुजली. "पोरगी म्हनली, मामा न्हाय तर आई. दुसरं कुनी नको."

गुणाबाईने त्याच्या तेलकट हातावर चार अक्षता ठेवल्या. त्याने त्या पाहुण्यासारख्या लांबून टाकल्या.

लग्न लागताच तो बहिणीवर उसळला. "धा मिंटं थांबता आलं न्हाय तुमाला?"

"मुहूर्त टळला तरी भटजीला थांबवलं मी, अर्धा तास," ठमाबाई म्हणाली. "लूम चालू झाला तुझा?"

"झाला."

"मंग जा. ड्युटी असंल तुझी."

दामूने तोंड उघडलं, पण शिवी घालायला आता कुणी उरलं नव्हतं. काशी नवऱ्यासोबत पाया पडत पडत त्याच्यापाशी आली. ती वाकली, तसे त्याने दोन्ही पाय मागे घेतले.