वर्नरच्या घरची भुणभुण

नवा अ‍ॅम्प्लिफायर आणल्यापासून वर्नरच्या घरात काहीतरी गुणगुणतं, ही बातमी गुड्रूनला बेकरीत मिळाली, आणि तीही खुद्द वर्नरच्या बायकोकडून.

"दिवसभर आपलं घूंऽऽ घूंऽऽ चालू असतं गं," इंगेर म्हणाली. "हा म्हणतो, मला काही ऐकू येत नाही. पण तोंड बघ त्याचं, एरंडेल प्यायल्यासारखं!"

गुड्रूनने सहानुभूतीने मान हलवली, पाव घेतला आणि घराचं दार लागेपर्यंत हसू दाबून धरलं. देव आहे, असं तिला फार दिवसांनी वाटलं.

तिची जखम जुनी होती. त्या गल्लीत सगळ्यांची मिळून एकच उंच अँटेना. तिची केबल घरोघर गेलेली, आणि ती सांभाळायला अँटेना मंडळ. डेन्मार्कच्या या युटलंडात तीन माणसं जमली की मंडळ स्थापन होतं, आणि चौथा येतो तो अध्यक्षाला नावं ठेवायला. इथे अध्यक्ष वर्नर, जवळजवळ तहहयात. गुड्रूनच्या स्टिरिओला ती केबल जोडली की भुणभुण सुरू, काढली की बंद. पण काढली की रेडिओही बंद. "एकदा येऊन ऐक रे," असं ती वर्नरला सांगून सांगून थकली. तो काही आला नाही. शेवटी तिने वार्षिक सभेत विषय काढला, तेव्हा हा गृहस्थ भर सभेत म्हणाला, "गुड्रून, भुणभुण केबलमध्ये नाही, तुझ्या कानात आहे. वय झालं आता!"

सभा खो खो हसली. वर्नरही हसला. पण गुड्रून पियानो सुरात लावून पोट भरणारी बाई. जिच्या कानात भुंगा, तिच्या हाती पियानो कोण देणार? आधी शाळेचा फोन यायचा थांबला, मग चर्चच्या सभागृहाचा. पाद्रीबुवांनी तर ऑरहूस शहरातून कुणी तरणा मुलगा बोलावला. कुणी तोंडावर काही बोललं नाही. आमच्याकडे तोंडावर कुणी बोलत नाहीच.

भुणभुणीचं कारण तिने पुढे स्वतःच शोधलं. केबलचं अर्थिंग गल्लीतल्या पेटीत, स्टिरिओचं घराच्या भिंतीत. एका घरात दोन कारभारी झाले की कुरबुर व्हायचीच; तीच स्पीकरमधून ऐकू येते. केबल आणि रेडिओ यांच्यामध्ये बसवायचा, दोघांचं अर्थिंग तोडणारा आगपेटीएवढा डबा मिळतो. तिने तो आणला आणि भुणभुण गेली. गेलेलं नाव मात्र परत आलं नाही.

वर्नरच्या जुन्या रेडिओला अर्थिंगच नव्हतं, म्हणून त्याचं इतकी वर्षं निभावलं. नव्या अ‍ॅम्प्लिफायरला होतं. आता आली का पंचाईत?

त्या रविवारी वर्नरची नात सिल्ये मुलींच्या गायनवृंदात रेडिओवर एकटी एक कडवं गाणार होती, तेही थेट प्रक्षेपणात. अख्खी गल्ली कॉफीला बोलावलेली. टेबलावर आनंदाच्या दिवशी लावतात तो छोटा झेंडा, थरांचा केक, पाद्रीबुवा सोफ्यावर. गुड्रून गेली ती पर्समध्ये रुमालाखाली डबा घालून.

रेडिओ लागला. निवेदकाच्या आवाजाखाली जाडजूड घूंऽऽ. सगळे कपात बघायला लागले. बोलणार कोण? भुणभुण कानात असते, हे याच अध्यक्षांनी ठरवून दिलेलं. वर्नर कपाटामागे शिरून वायरी पिरगाळत होता, त्याची मान लालबुंद झाली होती.

शेवटी पाद्रीबुवांनी हळूच विचारलं, "गुड्रून, तुला काही ऐकू येतंय का गं?"

"मला?" गुड्रूनने केकचा तुकडा तोंडात घातला. "माझे कान गेलेत की. वर्नरला विचारा."

मग तिने बशी ठेवली, उठली आणि भिंतीतून केबल उपसली. घर चिडीचूप झालं. परत खोचली. घूंऽऽ.

"एवढंच दाखवायला बोलवत होते तुला," ती म्हणाली आणि पर्समधून डबा काढला. "हा मध्ये बसवला की भुणभुण जाते, गाणं राहतं."

"मग बसव ना, बाई!" वर्नर कपाटामागून म्हणाला.

"आधी खरं काय ते बोल. तेव्हा सगळ्यांसमोर बोलला होतास, आताही सगळ्यांसमोरच."

यानंतर मुलींचं गाणं, असं निवेदक सांगत होता. इंगेर ओरडली, "अरे बोल एकदाचा! पोरगी उभी राहिली असेल तिथे!"

वर्नर कपाटामागून बाहेर आला. "भुणभुण खरी होती," तो म्हणाला. मग नको तेही बोलून गेला. "मला माहीत होतं. पेटीतलं अर्थिंग बिघडलंय, असं मेकॅनिकने त्याच आठवड्यात सांगितलं होतं. सभेत कबूल केलं असतं, तर सगळे माझी खुर्ची काढून घ्यायला उठले असते. तुझं एकटीचं तोंड बंद करणं सोपं होतं."

इतकी वर्षं गुड्रूनने त्याला मूर्ख समजून शिव्या घातल्या होत्या. मूर्खाला माफ करता येतं. कबुली मिळाली की डबा इथेच ठेवून जायचं, असं तिने येताना ठरवलंही होतं. आता तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

तिने डबा बसवला. पोरीचा काय दोष? भुणभुण पुसल्यासारखी गेली आणि सिल्येचा आवाज खोलीत आला, इतका स्वच्छ की मधला श्वासही ऐकू यावा. इंगेर रडली. गुड्रूनच्याही डोळ्यांत पाणी आलं आणि त्या पाण्याचाही तिला राग आला.

गाणं संपलं, टाळ्या झाल्या. गुड्रून वाकली, डबा काढून तिने पर्समध्ये टाकला आणि केबल पुन्हा होती तशी जोडून दिली. घूंऽऽ.

"अगं, राहू दे की तो," वर्नर काकुळतीला आला.

"तुला कशाला हवा? भुणभुण कानात असते, वर्नर."

ती कोट घालत होती तेव्हा पाद्रीबुवा दारापर्यंत मागे आले. "सभागृहातल्या पियानोसाठी उद्या फोन करू का?" त्यांनी चाचरत विचारलं.

"करा. ऐकू येईल मला."

मागे दार लागलं. खिडक्या बंद होत्या, तरी वर्नरच्या घरची भुणभुण तिला फाटकापर्यंत स्पष्ट ऐकू येत होती.