माळकऱ्याच्या राबाचा धूर

तुळसाच्या खोकल्याची घराला सवयच होऊन गेली होती. स्वयंपाकघरात भांडी वाजतात तसा तो वाजायचा. कोणी वळूनही बघत नसे.

आंबिवलीजवळच्या गावात शिवरामचं हे जुनं माळकरी घर. संध्याकाळी देवळात भजन असे. त्याची बायको तुळसा हिने चाल उचलली की पुरुषांचे टाळ तिच्यामागून धावत. यंदा मात्र दुसऱ्याच ओळीला तिचा श्वास तुटू लागला. कल्याणच्या डॉक्टरांनी तपासून विचारलं, "घरात बिडी-सिगरेट कोणी ओढतं का?"

शिवरामला रागच आला. "डॉक्टर, गळ्यात माळ आहे! आमच्याकडे तंबाखूची पुडीसुद्धा येत नाही."

"मग यांना धुरापासून लांब ठेवा. फुप्फुसं थकलीयत."

परत येताना रिक्षात तो जगाला शिव्या देत होता. गाड्या, कारखाने, पेटलेलं कचऱ्याचं डम्पिंग! त्यात खोटं काहीच नव्हतं.

मे महिना होता. भाताची रोपं जिथे करायची, तो तुकडा आधी पाला आणि शेण जाळून भाजायचा, म्हणजे राब. बापजाद्यांची रीत. पण हल्ली अवकाळी पावसाने पाला भिजलेला, गोठाही रिकामा. म्हणून शिवरामचा मुलगा जगन ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये कामाला होता, त्या कारखान्यातून रेक्झिनच्या, म्हणजे प्लास्टिकच्या नकली चामड्याच्या, कातरणांची पोती आणायचा. काडी लावली की भडका! शिवराम शेजाऱ्यांनाही पोती वाटायचा, आणि वर पुण्य समजायचा.

त्याची थोरली बहीण गंगुबाई डोंबिवलीला असायची, कीर्तनं करायची. भावजयीला बघायला ती आली, तेव्हा नेमका राब पेटला होता. काळा, चिकट धूर थेट स्वयंपाकघरात शिरत होता.

"शिवा, काय जाळतोयस हे?"

"राब भाजतोय, आक्का. आबापण भाजायचे ना!"

"आबा पाला जाळायचे. रेक्झिन कुठल्या पोथीत वाचलंस रे?"

"एवढ्याशाने काय होतंय? घोडबंदर रोडला जा, गाड्यांच्या रांगा धूर ओकतायत. त्यांना सांग तुझं कीर्तन!"

"सांगणार! चिमणीवाल्यांनाही सोडणार नाही. पण ते विचारतील ना, बाई, तुमचा भाऊ काय करतो? बिडी ओढत नाहीस म्हणे! अरे, बायकोला अख्खा राब ओढायला लावलास की! गेल्या साली रोपं पिवळी पडली, तेव्हा पावसाला बोल लावलास. पाऊस बिघडलाय, खरंय. पण तुझ्या मातीत हे वितळलेले गोळे कोणी पुरले? ढगांनी?"

"आक्का, हळू. लोक ऐकतायत."

"ऐकू देत! या राबाचा तांदूळ मी देवापुढे ठेवणार नाही!"

शिवराम पांढराफटक पडला. खरं सांगायचं तर, बायकोच्या खोकल्यापेक्षा हे त्याला जास्त लागलं. माणूस असाच असतो!

तेवढ्यात घरात तांब्या पडला. तुळसा चौकट धरून उभी होती. तोंड उघडं, ओठ निळे. खोकायलाही श्वास उरला नव्हता.

"तुळसा!" शिवराम धावला. "जगन, रिक्षा आण रे! देवा, मीच... मीच केलं हे!"

तुळसा वाचली. तिचा आवाज मात्र वाचला नाही. आता भजनात ती टाळ धरून बसते, फक्त ओठ हलतात.

पुढच्या मे महिन्यात शिवरामने काडी लावली नाही. तबेल्यातून शेणखत आणून रोपांसाठी उंच गादीवाफे केले. मग हात जोडून तो बांधाबांधावर फिरला. "रेक्झिन जाळू नका रे. माझ्या घरात बघा काय झालंय."

शेजारचा साईनाथ हसला. "काका, मला हे शिकवलं कोणी? पोती तर तुम्हीच दिलेली ना!"

आणि त्याने काडी ओढली. साईनाथच्या राबावर भडका उठला आणि वारा शिवरामच्या घराकडे वळला. तो पळत घरी पोचला, तेव्हा तुळसा दाराच्या फटीत ओल्या चिंध्या कोंबत होती. तोही तिच्याशेजारी बसला आणि कोंबू लागला.

मंडळी, मोठ्यांच्या धुराचा जाब मोठ्यांना विचारायलाच हवा, आणि मोठ्याने विचारायला हवा. पण विचारणाऱ्याचं अंगण तरी स्वच्छ असू दे! हवेला कुंपण नसतं. आपण जे जाळतो ते आपल्याच माणसाच्या छातीत आणि आपल्याच ताटातल्या भातात उतरतं. पश्चात्ताप देवाला पोचत असेल, गेलेला श्वास काही तो परत आणत नाही.