तीन हात रुंद सतरंजी

मी सतरंजी बोलतेय. व्हय, तीच, तुमच्या बुडाखालची. आजवर माझ्यावर बसून तुमी गावभरच्या गोष्टी केल्या, आता जरा गप बसा अन माझं ऐका. बसा म्हणलं की लगेच माझ्यावर टेकू नका. बाजूला बसा. मी लई वैतागलेली हाय.

माझा जन्म मागावरचा. रुंदी चांगली तीन हात. एवढा पन्हा एकट्याच्या आवाक्यात येत न्हाई, म्हणून विणकर अन त्याची बायको शेजारी-शेजारी बसून मला विणायचे. तो डाव्या अंगानं, ती उजव्या अंगानं. एक निळा पट्टा, एक तांबडा पट्टा, अन दर पट्ट्याला एक भांडण. "तुझी बाजू ढिली पडली." "तुमचा हात जड हाय." मधोमध जिथं दोघांचे हात भेटायचे, तिथं वीण अशी घट्ट बसली की सुई शिरायची न्हाई. म्हणजे मी दोघांनी विणलेली, दोघांच्या मापाची. हे ध्यानात ठेवा. माझं सगळं रडगाणं तिथूनच सुरू होतं.

सत्त्याण्णव साली वसमतच्या बाजारात एका दुकानात मी घडी होऊन पडले होते. शिरड शहापूरहून एक जोडपं आलं. सोनाजी अन त्याची बायको जनकाबाई. लग्नाला वरीस झालेलं. घर एका खोलीचं. एका भिताडाला सोनाजी, दुसऱ्या भिताडाला जनका, अन मधी सासू धुरपताबाई, शेताला बांध घालावा तशी आडवी. पण त्या साली त्यांची हळद चांगली आली होती. शिजवून खळ्यावर वाळत घातली की पंधरा दिवस राखणीला माणूस लागतं, न्हाई तर गुरं तुडवत्यात. त्या राखणीला दोघांनी मिळून जायचं ठरलं होतं. उघडं आभाळ अन मधी कुणी न्हाई. म्हणून हातरूण पायजे होतं. चांगलं, मऊ, दोघांचं.

दुकानदार चाचानं समदं पुढं टाकलं. शिंदीची चटई जनकानं हातानं दाबली अन म्हणली, "टोचती." प्लॅस्टिकची चटई लई रंगीत. सोनाजीला आवडली. जनका म्हणली, "घाम आला की पाठीला चिकटंल, अन उठताना तुमच्यासंगं उठंल." गादी बघितली, तर सोनाजी म्हणला, "खळ्यावर उंदरं हायत. एका दिसात कापूस काढतील." मग मला उलगडलं.

"दोनों लेट के देखो," चाचा म्हणला. "शरमाना कायकू?"

जनका अशी लाल झाली की माझा तांबडा पट्टा फिका पडला. शेवटी सोनाजी एकटाच पडला, अगदी काठाला, हात छातीवर, मयतावानी ताठ. उरलेल्या जागेवर जनकानं तळवा फिरवला. वीतभर, अजून वीतभर. "पुरंल," ती हळूच म्हणली. मला त्या तळव्यानंच जिंकलं बघा.

एष्टीतून उतरून घरी आलो. वट्ट्यावर धुरपताबाई सुपारी कातरत बसलेली. "काय आणलं गं?"

सांगायचं होतं की नीट! "राखणीला हातरूण आणलं," एवढंच. पर जनकाचं तोंड उघडलं अन भलतंच बाहेर पडलं. "तुमच्यासाठीच आणली, आत्याबाई. पाठ दुखती म्हणत होत्या न्हवं?"

माझा ताणा-बाणा तिथंच सैल झाला. सोनाजी मागं उभा राहून छपराचे वासे मोजू लागला.

म्हातारीनं मला उलगडलं. तीन हात मापली. सुनेकडं बघितलं, लेकाकडं बघितलं, अन सुपारीचं खांड गालात सरकवलं. "एवढी रुंद? म्या काय म्हैस हाव का गं?"

"कूस बदलायला बरं."

"बराबर," धुरपताबाई म्हणली. "लई काळजी गं तुला माझी."

त्या वर्साला दोघं खळ्यावर गेले ते तागाची पोती घेऊन. एकाला एक, अन दुसऱ्याला एक. पोत्यावर दोघं मावत न्हाईत, अन सुतळी अशी चावती की माणूस रातभर खाजवत बसतं. पंधरा दिसांनी दोघं आले ते अंगभर चट्टे घेऊन. म्हातारी इचारती, "मुंग्या होत्या का गं खळ्यावर?"

आता तुमाला एक सांगते, कुणाला बोलू नका. ही दोघं खळ्यावर गेली की धुरपताबाई माझ्यावर निजायचीच न्हाई! माझी गुंडाळी करून कोपऱ्यात उभी करायची अन आपल्या जुन्या वाकळंवर पडायची. मला म्हणायची, "तू मला टोचती गं बाई. पर पोरगी तोंड उघडंना, म्या तरी काय करू? मागू दे की एकदा." अन दुसऱ्या दिशी जनका भाकरी न्यायला घरी आली, की म्हातारी मला अंगणात हातरून चारी दिशांना हातपाय पसरून पडायची. "लई मऊ गं बाई! पाठ कशी निवली!" जनका दात आवळून भाकरी बांधायची.

एकीला मागता येईना, दुसरी मागितल्याबिगर देईना. मधी मी. माझं बोलणं त्यांना ऐकू जात असतं तर दोघींच्या कानात वरडले असते.

नवरा तरी शहाणा निघावा? "तू माग की," सोनाजी म्हणायचा.

"आई तुमची हाय. तुमी मागा."

"आणली म्हणून तू सांगितलंस. आता मी कोणत्या तोंडानं मागू?"

"तव्हा तुमी काहून गप बसलात?"

"मी वासे बघत होतो."

अशी नऊ वर्सं गेली. लेकरू झालं, सरिता. कसं झालं ते मला इचारू नका, मी तिथं नव्हते. मात्र तिचं मुतणं समदं माझ्यावर. भीमजयंतीला विहारात पाव्हण्यांच्या बुडाखाली मी. शेजारच्या लग्नात पंगतीला मी. कुणी बिडी टेकवून डावा काठ जाळला, कुणी उजव्या काठावरून लोखंडी खाट वढत नेली. मला आणलं कशासाठी अन माझं करून राहिले काय!

दोन हजार सहा साली जनकानं माझे दोन्ही सडके काठ कापले अन जुन्या लुगड्याचा गोट मारला. तीन हाताची मी दोन हात राहिले. कापताना तिनं एकदा मधोमध तळवा फिरवला. वीतभर, अजून वीतभर. तिच्या डोळ्यांत पाणी होतं का घाम, ते मला कळलं न्हाई. ती म्हणली, "आता गेलीच की."

त्याच हंगामात हळदीचे गड्डे मोडून मोडून तिची कंबर धरली. भाकरी न्यायला आली ती वाकडी होऊन. अंगणात धुरपताबाई माझ्यावर पसरलेली. "लई मऊ गं बाई!"

जनकानं टोपलं खाली आदळलं. "आत्याबाई, उठा! ही म्या तुमच्यासाठी आणली नव्हती. आमच्या दोघांसाठी आणली होती!"

अंगणातली कोंबडी सुद्धा थांबली.

मग म्हातारी हसायला लागली. हसता हसता ठसका लागला, ठसक्यात सुपारी उडाली. "नऊ वर्सं गं! नऊ वर्सं लागली तुला एवढं बोलायला!"

"तुमाला ठावं होतं?"

"एका म्हातारीला तीन हात सतरंजी कोण आणतंय? दर साली वाटायचं, औंदा बोलंल."

"मग आपणहून काहून दिली न्हाई?"

म्हातारीचं हसू जरा कमी झालं. "माझ्या सासूनं मला कायबी आपणहून दिलं नव्हतं, जनका. अन म्या कधी मागितलं न्हाई. माझा नवरा पाणी प्यायला कोणता तांब्या घ्यायचा ते बी मला तो मेल्यावर कळलं." मग तिनंच मला झटकलं, गुंडाळलं अन सुनेच्या बगलंत कोंबलं. "जा. सरिताला म्या बघते. जा, हळद पळून जाईल."

आता मी खळ्यावर हाय, लिंबाखाली. दुपारची येळ. भवताली हळद वाळून राहिली. दोघं माझ्यावर पडलेत. एक डाव्या अंगानं, एक उजव्या अंगानं. जी घट्ट वीण मधी होती, तेवढीच उरली बघा माझी.

तुमाला वाटलं असंल, आता गोड बोलतील. कशाचं काय!

"सरका की तिकडं."

"तिकडं कुठं? तिकडं ढेकळं हायत."

"तुमचा कोपर लागतोय."

"तूच कापलीस ना काठ? आणखी काप."

नऊ वर्सं वाट बघून माझ्या नशिबाला हे. बायांनो, बाप्यांनो, हात जोडून सांगते, जे ज्याच्यासाठी आणलं त्याचं नाव घराच्या दारातच घ्या. न्हाई तर काठ झडून जात्यात, अन मग कोपर लागतो.

तागाचं पोतं हातभरावरच पडलंय. सोनाजीनं हात लांब केला तरी मिळंल. भांडण अजून चालूच हाय, पर पोतं आणायला कुणी उठंना.