खिशातली गोळी

पोहण्याच्या तलावात क्लोरीनच्या गोळ्या टाकणं हीच त्याची नोकरी, त्यामुळे घरात गप्पी मासे आल्यापासून त्याच्या जिवाला घोर लागला होता. माशांना मारक क्लोरीन उडून जावा म्हणून टाकीचं पाणी त्याने दोन दिवस बादलीत उघडं ठेवून मगच भरलं होतं. कामावरून आला की तो कोपरापर्यंत हात धुई. आज मात्र तसाच टाकीवर वाकला, आणि सरळ होताना त्याने सहज शर्टाचा खिसा चाचपला. सकाळी उरलेली पांढरी गोळी खिशात नव्हती.

सहाही मासे शेपट्या मिटून कोपऱ्यात बसले होते. हात धुवायचंही भान न राहता तो तळची वाळू चिवडू लागला.

"बाबा, गोळी शोधताय?" लेकीने विचारलं. "तुम्ही बूट काढत होतात ना, तेव्हाच मी काढून घेतली. माशांत पडली असती म्हणजे?"

त्याचा जीव भांड्यात पडला. "शहाणी गं माझी! कुठे ठेवलीस?"

"गोळ्यांच्या डब्यात."

घरात गोळ्यांचा डबा एकच, लिमलेटचा. तो आत्ता त्याच्या आईच्या मांडीवर होता, आणि आईचा एक गाल फुगलेला होता.

"आई, थुंक!" त्याने ओला हात तिच्या तोंडापुढे धरला.

आईने केशरी लिमलेट त्याच्या तळहातावर काढून ठेवली.

"साखर वाढते, कळतं मला," ती फुरंगटून म्हणाली. "पण ती पांढरी तेवढी खाऊ दे रे. मुद्दाम शेवटी ठेवलीय."