शेवटच्या पक्ष्याचं डोकं

सिल्वेरियोच्या मानेवर, डाव्या कानाखाली, केसाएवढी बारीक लाल रेघ होती. विणताना धागा मानेमागून घ्यायचा, म्हणजे तो ताणलेला राहतो आणि टाका घट्ट बसतो. तोच तो लाल धागा वर्षानुवर्षं एकाच जागेवरून सरकत राहिला, तर कातडी थोडा रंग घेणारच. सरोवरातल्या ताकिले बेटावर अशी रेघ पुष्कळ पुरुषांच्या मानेवर असते, पण फिकट. सिल्वेरियोची गडद होती, कारण सासऱ्याच्या पसंतीला उतरावी लागणारी लग्नाची टोपी बाकीच्यांनी एकदाच विणली होती आणि तो ती चौथ्यांदा विणत होता.

नाझारिया अंगणात मागावर बसून ती रेघ पाहत होती. लग्नात नवऱ्याच्या कमरेला बांधायचा पट्टा तिने केव्हाच विणून ठेवला होता. मग रिकामं बसवेना म्हणून एक शाल विणली, मग वडिलांसाठी कोकाच्या पानांची पिशवी, आणि आता कुणासाठी कोण जाणे, आणखी एक पट्टा चालला होता.

"दोन लाल, एक पांढरा, तीन लाल," तिचे वडील, तिबुर्सियो, भिंतीला टेकून उन्हात बसल्या बसल्या सांगत होते. नमुना कुठे लिहिलेला नव्हता. तो त्यांच्या तोंडात होता, गालात धरलेल्या पानांच्या शेजारी. "आता शेपूट. शेपूट लांब सोड. कंजूषपणा करू नकोस."

"हो बाबा," सिल्वेरियो म्हणाला.

हे 'हो बाबा' कानावर पडलं की नाझारियाच्या हातातलं, धागे ठोकायचं लामाचं हाड ताण्यावर जरा जोरातच बसायचं.

दोघं एकत्र राहू लागल्याला बरीच वर्षं झाली होती. त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. आधी एकत्र राहून बघायचं आणि मग एखाद्या मे महिन्यात लग्न करायचं, ही बेटावरची रीतच. फक्त बाकीच्यांचं बघणं वर्षा-दोन वर्षांत उरकायचं. सिल्वेरियो अजून अविवाहितांची पांढऱ्या शेंड्याची टोपी घालून रविवारी चौकात उभा राहायचा, आणि त्याच्या आजूबाजूला तशाच टोप्या घातलेली, मिसरूड न फुटलेली पोरं असायची.

सगळ्यांना वाटायचं, लग्न टोपीपायी अडलं आहे. नाझारियाच्या आत्यालाही, म्हणजे दोमितिलाला, तसंच वाटायचं.

"मी तुझ्या जागी असते तर त्या सुया सरोवरात फेकल्या असत्या," आत्या बटाटे सोलता सोलता म्हणायची. "नाहीतर त्याला फेकलं असतं."

"पोहता येतं त्याला," नाझारिया म्हणायची.

खरी गोष्ट तिने कुणालाच सांगितली नव्हती. तिचं अजून ठरलंच नव्हतं. सिल्वेरियो चांगला होता. आवाज चढवायचा नाही, थंडीत तिच्या आधी उठून चूल पेटवायचा, मेंढ्यांशीसुद्धा अदबीने बोलायचा. पण चूक समोर दिसत असताना जो माणूस चार वर्षं 'हो बाबा' म्हणतो, त्याच्याबरोबर सगळा जन्म काढायचा का, हा तिचा प्रश्न होता. कारण नमुना चुकलेला होता, आणि हे तिला पहिल्यापासून ठाऊक होतं.

आई गेल्यापासून वडिलांची टोपी तीच धुवायची. त्या टोपीवर लाल जमिनीवर पांढऱ्या पक्ष्यांची एक रांग होती. एकामागे एक, लांब शेपटीचे, मोठे ऐटबाज पक्षी. त्यातल्या शेवटच्याला डोकं नव्हतं. शेपूट होती, पाय होते, पोट होतं, आणि मान सुरू व्हायची तिथे पहिल्या पक्ष्याची शेपूट येऊन भिडत होती. टोपीचा शेंडा नेमका त्या जागेवर लोळवायचा, अशी तिबुर्सियोंची सवय होती. वारा कुठूनही असो, शेंडा तिथून हलत नसे.

कारण अगदी साधं होतं. त्यांच्या घराण्यातला पक्षी मुळात आखूड शेपटीचा. तरुणपणी, नाझारियाच्या आईवर छाप पाडायला, तिबुर्सियोंनी प्रत्येक शेपटीला एक टाका वाढवला. पण फेऱ्यातले टाके होते तेवढेच राहिले. प्रत्येक पक्षी एक टाका जास्त खाऊ लागला, आणि ती सगळी उधळपट्टी शेवटच्याच्या मानगुटीवर बसली.

हाच नमुना त्यांनी होणाऱ्या जावयाला दिला. विणताना नमुना आतल्या बाजूला राहतो; पहिल्या वर्षी त्यांनी टोपी उलटी करून पाहिली, तर शेवटचा पक्षी मानेपाशी संपलेला. "टाके गाळलेस," तिबुर्सियो म्हणाले. सिल्वेरियोने उसवली. दुसऱ्या वर्षी त्याने गुपचूप टाके वाढवून डोक्याची सोय केली. पक्षी पूर्ण झाले, पण टोपी कान झाकून नाकापर्यंत उतरली. "ही टोपी आहे की बटाट्याचं पोतं?" तिसऱ्या वर्षी त्याने शेवटच्या दोन पक्ष्यांच्या शेपट्या हळूच आखडल्या. तिबुर्सियोंनी टोपी डोळ्यांपाशी नेली. "यांची पिसं कोंबड्यांनी उपटली काय?" आणि तीही उसवली गेली.

यंदा मात्र काहीतरी वेगळं घडत होतं. एके दुपारी शेतात नाझारियाने पाहिलं, तर सिल्वेरियो बटाटे गोणीत भरायचे सोडून जमिनीवर मांडत बसला होता. बारक्या बटाट्यांचं मोठं वर्तुळ, मध्ये मध्ये काड्या खोचलेल्या. तो मोजत होता, एक काडी सरकवत होता, पुन्हा मोजत होता.

"नाझारिया," तो म्हणाला, "जरा बघतेस का? शेवटी डोक्यापुरते बटाटे उरतच नाहीत."

"मी बाईमाणूस. मला सुयांमधलं काय कळतं?"

"पट्ट्यातले शेकडो धागे तू न बघता मोजतेस."

"ते पट्ट्यातले," असं म्हणून ती मेंढ्यांकडे बघू लागली. मेंढ्या काही विशेष करत नव्हत्या. तिला त्याला सांगावंसं फार वाटत होतं. पण मीच सांगितलं, तर याने काय केलं?

सिल्वेरियोने वर्तुळाभोवती एक फेरी मारली. मग एकदम खाली बसला आणि स्वतःशीच म्हणाला, "शेपूट."

 पुढचे काही दिवस टोपी वाढत होती. पक्ष्यांची रांग सुरू झाली, आणि शेवटच्या पक्ष्यापाशी येऊन सुया थांबल्या.

"थांबलास का?" तिबुर्सियो म्हणाले. "दोन लाल, एक पांढरा..."

"नाही, बाबा."

नाझारियाच्या हातातलं हाड अर्ध्यावर राहिलं. दोमितिला आत्या सूप ढवळायची थांबली.

"काय नाही?"

"माझे टाके बरोबर आहेत," सिल्वेरियो म्हणाला. त्याचा आवाज नेहमीसारखाच होता, कान मात्र लालभडक झाले होते. "चारही वर्षं बरोबर होते. चूक नमुन्यात आहे. शेपूट एक टाका जास्त आहे."

तिबुर्सियोंनी गालातली पानं या बाजूची त्या बाजूला केली. "मी जन्मभर ही टोपी घालतोय. माझ्या टोपीवर कसे बसले सगळे पक्षी?"

"दाखवता?"

"काय दाखवता?"

"टोपी, बाबा. तो शेंडा जरा बाजूला करा, म्हणजे झालं."

भर दुपार होती. सरोवरावर वाऱ्याची झुळूकही नव्हती आणि कुत्रं सावलीत धापा टाकत होतं.

"थंडी आहे," तिबुर्सियो म्हणाले, आणि दोन्ही हातांनी टोपी दाबून घरात निघून गेले.

"अरे देवा," आत्या म्हणाली. "आता हा म्हातारा उन्हाळ्यातसुद्धा झोपताना टोपी घालणार."

दुसऱ्या दिवशी तिबुर्सियो सिल्वेरियोशी बोलले नाहीत. सकाळी भेटल्यावर पिशवीतून चिमूटभर पानं पुढे करायची असतात. त्यांनी ती पिशवी काढलीच नाही. सिल्वेरियोने आपली पिशवी पुढे केली, तीही त्यांनी पाहिली नाही. 'आता हा जाऊन माफी मागणार,' नाझारियाच्या मनात आलं, आणि दिवसभर तिचं लक्ष मागावर लागलं नाही. संध्याकाळी पट्ट्याचा बराच भाग तिलाच उसवावा लागला.

सिल्वेरियोने माफी मागितली नाही. तो भिंतीशी बसून विणत राहिला, आणि कुणी नमुना सांगत नसतानाही त्याच्या सुया अडत नव्हत्या. टोपी पूर्ण झाल्यावर त्याने ती उलटी न करता, तशीच तिबुर्सियोंसमोर नेऊन ठेवली.

तिबुर्सियोंनी ती उलटी केली, हातावर चढवली, गोल फिरवली. शेपट्या लांबच्या लांब होत्या. एकाही पक्ष्याचा एकही टाका कमी केलेला नव्हता. रांगेच्या शेवटी, जिथे बिनडोक्याचा पक्षी यायचा, तिथे एक पांढरी गोल वस्तू होती.

"हे काय?"

"अंडं."

"आमच्या घराण्यात अंडं नाही."

"मग इतके पक्षी आले कुठून?" आत्या चुलीजवळून म्हणाली.

"तू गप्प बस, दोमितिला." तिबुर्सियोंनी अंड्यावरून अंगठा फिरवला. "आणि हे घातलं कुणी?"

"त्यातलीच एखादी असेल, बाबा. रांगेत उभं राहून राहून कंटाळली असेल." "डोक्याशिवायचा पक्षी मी विणणार नाही. तुम्ही म्हणाल तर टोपी घरातच ठेवीन, पण उसवणार नाही."

तिबुर्सियोंनी टोपी खाली ठेवली. मग उठले, सरोवराच्या पाण्याची कळशी घेऊन आले. टोपी शेंडा खाली करून हातात धरली आणि तिच्यात पाणी ओतलं. पाणी गळलं नाही तर वीण घट्ट आणि जावई पसंत, ही बेटावरची शेवटची परीक्षा. चौघं वाकून शेंड्याकडे बघत राहिले. लोकर गडद झाली, फुगली. खाली एक थेंब जमला, लोंबला, आणि पडला नाही.

"पाणी कमी होतं," तिबुर्सियो म्हणाले, आणि काठोकाठ भरलं.

थेंब तिथेच लोंबकळत राहिला. त्यांनी टोपी जरा हलवूनही पाहिली, जे कुणी करत नाही.

शेवटी पाणी अंगणात ओतून देऊन ते सिल्वेरियोच्या जवळ सरकले. आवाज खाली आणला, पण त्यांना ऐकू कमी येत असल्यामुळे तो फार खाली आला नाही.

"ते अंडं... विणून झालेल्या जुन्या टोपीवर बसवता येतं का?"

"वरून शिवता येईल, बाबा. टोपी काढून द्यावी लागेल मात्र."

"रात्री देतो. अंधार पडल्यावर." मग त्यांनी कमरेची पिशवी सोडली, पानांची चिमूट काढून सिल्वेरियोच्या तळहातावर ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "झालं! मेमध्ये लग्न. दोमितिला, कोंबड्या मोजून ठेव."

आत्याने पळी खाली ठेवून टाळी वाजवली. सिल्वेरियोने पानं घेतली, पण तोंडात टाकली नाहीत. तो मागापाशी येऊन उकिडवा बसला.

"तुला कुणी विचारलंच नाही," तो नाझारियाला म्हणाला.

"तिला काय विचारायचं?" आत्या म्हणाली. "ती केव्हाची तयार आहे. पट्टे बघ, दोन-दोन झाले!"

"पट्टे तयार आहेत," नाझारिया म्हणाली. "माझं ठरलेलं नव्हतं."

 तिबुर्सियोंच्या गालातली पानंसुद्धा थांबली.

"इतकी वर्षं?" सिल्वेरियोने विचारलं.

"इतकी वर्षं."

त्याने मान खाली घातली नाही, आणि 'बरं' असंही म्हणाला नाही. "मग आता सांग," तो म्हणाला. "जे असेल ते."

नाझारियाने हातातलं हाड ताण्यावर आडवं ठेवलं, मांडीवरचे धागे झटकले आणि उभी राहिली.

"मेमध्ये," ती म्हणाली. "मी तुझ्याशी लग्न करणार."